घोरण्याची सोय

मोबाइलच्या दुकानात चार्जर बदलून घ्यायला आलेल्या नर्सपुढे रांगेत एक म्हातारं जोडपं दुकानदाराशी बोलत उभं होतं.

“सगळ्यात स्वस्त प्लेअर दाखवा. गाणी नकोत, पुस्तकं ऐकायचीत. माझी नजर गेली आणि वाचून वाचून हिचा घसा बसतो.”

“हा घ्या, आजोबा. बंद केलात तरी उद्या तिथूनच पुढे सुरू होतो.”

“आणि हे मध्येच घोरायला लागले तर?”

“तो वाचतच राहणार, आजी.”

“अगंबाई! मग मधलं यांना सांगणार कोण?”

“मी कुठे घोरतो? शब्दन् शब्द ऐकतो.”

“हो का? काल संपलेल्या कादंबरीत खून कुणी केला?”

“त्या... दिरानं.”

“दीर पहिल्याच प्रकरणात मेला, अहो!”

“राहू द्या तो प्लेअर. इथे जवळपास हिच्यासाठी घशाच्या गोळ्या कुठे मिळतात हो?”