पावतीबिगर डबा ओतायचा नाही

(शिरूरजवळचं दूध शीतकरण केंद्र. संगणकाची खोली. मार्च २००५.)

शायना : ...तुमचा फायदा मी केव्हाच मांडून ठेवलाय, साहेब. दुधाचा दर बदलला की शिरूर, यवत, दौंड, तिन्ही केंद्रांवर प्रोग्राम बदलत हिंडायचा ताप गेला. सगळं गणित डेटाबेसमधल्या एका व्ह्यूत, म्हणजे विचारलं की ऐनवेळी हिशेब मांडणाऱ्या तक्त्यात, बसलं. वर तुम्हाला पुण्यात संगणकप्रमुखाची खुर्ची. माझ्या वाट्याला काय, तर हा थिजलेला पडदा.

सत्यजीत : मॅडम, संचालक केबिनमध्ये बसलेत. हळू बोला. एप्रिलमध्ये हा व्ह्यू तुमच्यासमोरच तपासला होता ना? बटण दाबलं की पावती.

शायना : एप्रिलमध्ये वर्ष नुकतं उघडलेलं, तक्ते रिकामे. आता मार्च आहे. एका डब्याचा दर विचारला, तरी हा आधी वर्षभराच्या सगळ्या डब्यांचे दर काढत बसतो, मग त्यातला एक उचलून देतो. नोंद होतानाच दर लिहून ठेवू म्हटलं, तर तुम्हाला ते जुनाट वाटलं.

मच्छिंद्र : ओ म्याडम! मांडवगणचा टेम्पो हाय. पावतीबिगर डबं वतू द्येत न्हाईत धक्क्यावर. ऊन बघा की!

शायना : मशीन विचार करतंय, मच्छिंद्र.

मच्छिंद्र : आमच्या सासूगत? तिचा इचार हुईस्तवर जेवान निवतं. चेष्टा न्हाई, म्याडम. मुक्ताबाईच्या महिला संस्थेचं दूध हाय. मागं एकदा नासकं लागलंय. आणीक एकदा लागलं की संस्था बंद.

शायना : साहेब, हातानं लिहून देते. ओतू द्या.

सत्यजीत : कागद सुटला, हेच दाखवायला संचालकांना आणलंय. त्यांच्यादेखत हातानं पावती? थांबा, येईल.

मच्छिंद्र : मागं पार हमरस्त्याला टेम्पो लागल्यात, साहेब.

शायना : यवत-दौंडलाही तेच. सगळे त्याच व्ह्यूला विचारतायत, आणि तो प्रत्येकासाठी पुन्हा अख्खं वर्ष उपसतोय. रांग वाढेल तसा अजून दमेल.

सत्यजीत : थांबा म्हटलं ना!

शायना : ...आली. मच्छिंद्र, घे पावती.

मच्छिंद्र : आता काय करू तिचं? आत्ताच धक्क्यावर डबं उघडलं, दूध नळीत उकळून बघितलं. फाटलं. सगळंच.

सत्यजीत : फाटलेलंच आलं असणार.

मच्छिंद्र : आवो, पहाटं धार काढून माझ्याम्होरं मापलंया! तुमच्या दारात उभं ऱ्हाऊन फाटलं त्ये.

सत्यजीत : मॅडम, नोंद टाका. केंद्रावर येण्याआधी नासलं.

शायना : ती टाकली, की संस्था बंदचा शेराही तुमचा व्ह्यूच लावतो. तुम्हीच बसवलंय ते त्यात.

सत्यजीत : संचालक इकडंच येतायत. टाका.

मच्छिंद्र : काय टाकलं, म्याडम?

शायना : साहेबांची खुर्ची राहिली, माझी नोकरी राहिली. मुक्ताबाईंना सांग, उद्यापासून दूध घालू नका.