पालकांचा अभिप्राय

रुखमा : नाव तं चंचल वारलू निकुरे हेच हाय, सर. बाकी कार्डावरची पोरगी कोनाची हाय?

प्रफुल सर : बसा ना, रुखमाबाई. निकाल चांगलाच दिलाय की तिचा. अ-दोन आहे.

रुखमा : ते अ-दोन जाऊ द्या चुलीत. हे वाचा.

प्रफुल सर : ‘सूचना लक्षपूर्वक ऐकते. ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगते.’ बरोबर आहे.

रुखमा : कोनती गोष्ट सांगतली जी तिनं तुमाले? मले तं कवा नाई सांगतली. मले भी ऐकाची हाय.

प्रफुल सर : अहो, या ठरलेल्या नोंदी असतात. मोबाईलवर ग्रुपमध्ये येतात. आम्ही मूल पाहून निवडतो.

रुखमा : निवडता! तिच्या बाजूले बसते त्या साक्षीच्या कार्डावर हेच. पत्रूभाऊच्या नातवाच्या कार्डावर हेच. तो पोट्टा तं दिवाळीपासून मामाच्या गावी हाय. तो भी तिथून लक्षपूर्वक ऐकून राह्यला का? वा जी सर, आवाज दांडगा हाय तुमचा!

प्रफुल सर : हसा तुम्ही. दोन वर्ग एकटा सांभाळतो मी. वरून फोन, कार्ड भरले का, कार्ड भरले का. शिकवू कधी आणि लिहू कधी?

रुखमा : बरं, पान पलटा. तिथी ‘पालकांचा अभिप्राय’ हाय. थो वाचा.

प्रफुल सर : ‘माझी मुलगी घरी सर्वांचे ऐकते. तिच्या प्रगतीबद्दल मी समाधानी आहे.’

रुखमा : हे मी कवा म्हनलं?

प्रफुल सर : तेव्हा तुम्ही सगळ्या मोहफुलं वेचायला जंगलात. पान कोरं ठेवून चालत नाही. म्हणून मग सगळ्यांचंच मी...

रुखमा : म्हंजे गावातल्या साऱ्या मायांच्या तोंडानं तुमी एकटेच बोलले. मीटिंगमंदी तुमीच सांगतलं होतं ना, नवीन कार्ड आलं, आता मायबापाचं म्हननं भी शाळेले समजन? समजलं मंग. तुमचं तुमाले.

प्रफुल सर : पण वाईट तर काही लिहिलं नाही ना!

रुखमा : वाईट लिहिलं असतं तं पाया पडली असती तुमच्या. पोरीले ऐकू येत नाई, सर.

प्रफुल सर : काय?

रुखमा : कान वाहे तिचे. मंग हळूहळू ऐकू येनंच कमी झालं. शिबिरातली डॉक्टरीनबाई म्हने, गडचिरोलीले न्या, उशीर करू नका. तवापासून तिच्या बापामांगं लागली मी. आज त्यानं हे कार्ड माह्या नाकासमोर धरलं. म्हने, मास्तर म्हनते ऐकते, तूच लिहून देल्लं का ऐकते, मंग तेंदूचा हंगाम सोडून मी काऊन जाऊ? नवऱ्यासमोर खोटी पाडली मले. माह्याच तोंडानं!

प्रफुल सर : पण ती पहिल्या रांगेत बसते. एकटक माझ्याकडेच पाहते. मला वाटलं, हिच्याएवढं लक्ष कोणाचंच नाही.

रुखमा : तोंड पाह्यते तुमचं. ओठ. तुमी फळ्याकडं वळले का साक्षीची वही पाह्यते. पोरापोरींले मालूम हाय. मास्तरलेच नाई.

प्रफुल सर : असं कसं? हजेरी घेतो तेव्हा ‘हजर’ म्हणते ना ती.

रुखमा : साक्षी कोपर मारते तिले. द्या ना आता आवाज. थे पाहा, दारात पाठमोरी बसली हाय.

प्रफुल सर : चंचल! ए चंचल!

(चंचल उंबरठ्यावर चिंचोके मांडत बसली आहे. मान वळत नाही.)

रुखमा : अजून जोरानं. लाजू नका.

प्रफुल सर : नको. द्या ते कार्ड इकडं. काय लिहू?

रुखमा : आता मले इचारता? एवढे दिस तं भराभर लिहत होते. पाह्यलं ते लिहा.

प्रफुल सर : ‘चंचलला मागून हाक मारली तर ऐकू येत नाही. वर्षभर हे माझ्या लक्षात आलं नाही. तिचे कान लगेच तपासून घ्यावेत.’ ही सही. आणि तुमचं पान?

रुखमा : थे खोडा. माहं मी लिहीन. तुमी आता घरी चाला माह्यासंगं, अन् हे तिच्या बापाले वाचून दाखवा. मोठ्यानं. त्याले ऐकू येते.