नातेवाइकाची सही

देहदानाच्या कचेरीत सुतार वारलेल्या बायकोच्या देहदानाचं प्रमाणपत्र न्यायला आला होता. शेजारी एक म्हातारं जोडपं अर्ज भरत होतं.

“इथे सही कर.”

“आधी सांगा, हे खूळ आलं कुठून?”

“डॉक्टर होणारी पोरं शिकतील माझ्यावर.”

“साधा गुडघा दाखवायला डॉक्टरकडे जात नव्हतात, आणि आता अख्खा देह दाखवणार?”

“मेल्यावर कसली लाज!”

“माझ्यापासून काही लपवताय का?”

“तुला मेला सगळ्यातच संशय. कर गं सही.”

“आणि देह घेतलाच नाही त्यांनी, तर?”

“घेतात. हा आजार असला तरी चालतं, मी विचारलंय.”

“कुठला आजार?”

म्हातारा चष्मा पुसत बसला. खिडकीतून सुताराला हाक आली, पण तो उठला नाही.

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

“चला घरी. मी अजून सही केलेली नाही.”