कार्डावरचा ‘हेल्पर’

हॉस्पिटलच्या लाँड्रीत साहेब नवी ओळखपत्रं वाटत होते, आणि रांगेत मागे उभ्या इस्त्रीवाल्याचे कान एकदम टवकारले, कारण त्याच्या पुढच्या धुलाईवाल्या मावशी कार्ड घेईचनात.

“यावर ‘हेल्पर’ लिहिलंय साहेब. म्हणजे काय?”

“मदतनीस, मावशी. ऑपरेटरला मदत करणारी.”

“आणि ऑपरेटर कुठाय?”

“तो रिटायर झाला ना, तीन वर्षं झाली.”

“मग तीन वर्षं मी मदत कुणाला करतेय, त्याच्या खुर्चीला?”

“अहो, नुसता शब्द आहे तो.”

“नुसता आहे तर ‘ऑपरेटर’ लिहा.”

“ते माझ्या हातात नाही.”

“बरं. मग ही धुलाई मशीनची किल्ली घ्या हातात. हेल्परनं मशीन चालवायचं नाही, अशी पाटी तुम्हीच लावलीय. ऑपरेटर मिळाला की हाक मारा, येते मदतीला.”