मिलिंदचा सोलो

तो अल्बम तुम्ही ऐकला नसेल. आमच्या कॉलेजातही कुणाला आवडला नव्हता, पण मिलिंद म्हणायचा, हार्ड रॉकमधली खरी गिटार ऐकायची तर याच कॅसेटवर. सायखेड्याला त्याच्या घरी तो आम्हाला त्यातला सोलो वाजवून दाखवणार होता. गिटार गळ्यात अडकवून त्याने माइक जवळ ओढला आणि एकदम ताठ झाला. डोळे मिटलेले, अंग थरथरतंय, अ‍ॅम्प्लिफायर नुसता घुमतोय. आम्हाला वाटलं, रंगलाय. आम्ही टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात त्याची आई दारात आली. "अरे, त्याला करंट लागलाय," म्हणत तिने मेन स्विच पाडला.

मिलिंद कोसळला. त्याच्या छातीला हात लावून बघायची आमची हिंमत होईना.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. हळूच म्हणाला, "टाळ्या कशाला वाजवल्या? मी अजून सुरूच केलं नव्हतं."