प्रेविट कोचनी मागितलेली माफी

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कॉलेजचे प्राचार्य डॉक्टर व्हिटकोम्ब. व्यासपीठाच्या मधोमध बसलेले मुख्य प्रशिक्षक स्ट्रिकलँडसाहेब. ज्यांच्यासाठी आपण जमलो आणि ज्यांना नेहमीप्रमाणे कडेची खुर्ची मिळाली ते सहायक प्रशिक्षक वेंडेल प्रेविट. त्यांच्या पत्नी मार्लीन. बेल्डन फोर्कच्या बंधुभगिनींनो, आणि मागे उभं राहून केकवर नजर ठेवणाऱ्या खेळाडू लेकरांनो,

मला सांगण्यात आलंय की, ओझेला आजी, दोनच मिनिटं बोला आणि जेवणाविषयी बोला. बावीस वर्षं मी या फुटबॉल संघाच्या मेसमध्ये मक्याच्या कण्या ढवळल्या, तेव्हा अधिकार आहे माझा. प्रेविट कोच तळलेली भेंडी दोनदा मागून घेतात आणि कॉफीत चार चमचे साखर घालतात. झालं जेवण. आता उरलेलं बोलते.

तुमच्या हातात कोचच्या निरोप-सत्काराची ती गुळगुळीत पुस्तिका आहे. मला अक्षरओळख नाही, म्हणून क्विन्सीनं, माझ्या नातवानं, सकाळी ती वाचून दाखवली. एकतीस वर्षं, सात कॉलेजं, इतके विजय. सात कॉलेजं का, ते मात्र छापलेलं नाही. मुख्य प्रशिक्षकाला काढलं की हाताखालच्या सगळ्यांनी बिऱ्हाड आवरायचं, अशी या धंद्याची रीत. मार्लीननं सात गावांत पडदे शिवले, आणि एका घरचे पडदे दुसऱ्या घराला कधी पुरले नाहीत. आणि हाताखालच्यानं करायचं काय? साहेब म्हणाले थंडी वाजतेय, तर भर ऑगस्टात अंगात कोट चढवायचा. प्रेविट कोचनी हे इतकं मन लावून केलं की मी त्यांना तोंडावर होयबा म्हणायचे. त्यावरही त्यांचं उत्तर, "होय, आजी."

आठ वर्षांपूर्वी क्विन्सीला आपल्या संघात घ्यायचं म्हणून ते माझ्या घरी आले. दुसऱ्या कॉलेजांचेही तिघे येऊन गेले होते. कुणी त्याला टीव्हीवर झळकवणार होता, कुणी मला पुढच्या रांगेत बसवणार होता. मी प्रत्येकाला एकच विचारलं. हेल्मेट घालून एकमेकांना आडवं पाडायचा हा फुटबॉल, त्यात पोराच्या डोक्याला मार लागला तर त्याला बाहेर कोण बसवणार? तिघं म्हणाले, डॉक्टर असतात, नियम असतात. प्रेविट कोचनी कॉफीत साखरेचा चौथा चमचा ढवळला. मग म्हणाले, "मी बसवीन. एकदा एकाला नव्हतं बसवलं." त्या एकाचं पुढं काय झालं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी विचारलं नाही.

दोन वर्षांनी, ऑक्टोबरातला शनिवार, घरचा सामना, शेवटची सहा मिनिटं. क्विन्सीला धडक बसली. तो उठला आणि समोरच्या संघाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. तुम्ही हसलात. हो, तुम्हीच, मी तुमच्यातच बसले होते. त्याला धरून बाहेर आणलं. डॉक्टर दुसऱ्या पोराचा गुडघा बघण्यात गुंतले होते. स्ट्रिकलँडसाहेबांनी हुकूम सोडला, त्याला परत आत पाठव. तेव्हा प्रेविट कोचनी पोराच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं, बाकावर ठेवलं आणि त्यावर बसले. हेल्मेटवाचून मैदानात पाऊल टाकता येत नाही, हे या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

साहेब म्हणाले, "ऊठ."

कोच म्हणाले, "नाही."

बाकाच्या मागच्याच रांगेत होते मी. दोन्ही शब्द या कानांनी ऐकले. तीन गुणांनी सामना गेला. हॉस्पिटलात पोराच्या डोक्यात रक्त साकळलेलं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी एक धडक बसली असती तर तुम्हाला घरी एकटीनं जावं लागलं असतं.

आता सोमवारचं सांगते. सकाळची न्याहारी. साहेबांनी कोचना अख्ख्या संघासमोर उभं केलं आणि हातात कागद दिला. कोचनी वाचला. "मी संघाचा विश्वासघात केला, त्याबद्दल माफी मागतो." मी हातात डाव घेऊन उभी होते. तो तेव्हा कुणाच्या टाळक्यात घातला नाही, याचा मला आजही पस्तावा होतो. त्यानंतर कोचची रवानगी मैदानावरून वरच्या काचेच्या खोलीत. कानाला फोन लावून वरूनच खाली खेळी सांगायची, पोरांच्या जवळ फिरकायचं नाही. सहा वर्षं. पुस्तिकेत लिहिलंय, 'स्वेच्छेने'. यंदा त्यांना पुढं नोकरीवर ठेवत नाही म्हणून कळवलं. पुस्तिकेत लिहिलंय, 'निवृत्ती'. बरं झालं मला वाचता येत नाही.

घड्याळ बघू नका, साहेब. माझी दोन मिनिटं केव्हाच संपलीत.

पण साहेबांवरचा राग मला पेलतो, सवयीचा झालाय. तुमच्यावरचा पेलत नाही, कोच. जन्मात एकदा नाही म्हणालात आणि दीड दिवसात ते परत देऊन टाकलंत? ऐंशी पोरं ऐकत होती. त्यांतली काही आज ठिकठिकाणी सहायक प्रशिक्षक झालीत. त्या न्याहारीला ती काय शिकली? हेल्मेटवर बसून राहिलेला माणूस चुकला, एवढंच. आणि माझा क्विन्सी? सहा वर्षं झाली, अजून म्हणतो, आजी, माझ्यापायी सामना गेला. तो जिवंत राहिला याची कुणीतरी माफी मागितली, हे त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलंय. ते मी कशानं पुसू?

मार्लीन मला म्हणाली, आठव्यांदा घर मांडायची ताकद उरली नव्हती, म्हणून त्यांनी तो कागद वाचला. समजतं मला, बाई. पण आता खोकी भरून झाली. आता कुणाला भ्यायचं?

माझ्यानंतर सत्काराला उत्तर द्यायला तुम्ही उभे राहाल. खिशातलं भाषण मघापासून चाचपताय, ते तिथंच राहू द्या. ती माफी परत घ्या. माईकवर घ्या, सगळ्यांच्या देखत घ्या, आणि क्विन्सी त्या खांबापाशी बसलाय, त्याच्याकडे बघून घ्या. मला दुसरं काही नको.

प्राचार्यांनी बोलू दिलं, त्यांचे आभार. त्यांना कल्पना नव्हती, तरी आभार. तुम्ही ऐकून घेतलंत, तुमचेही. म्हातारीच्या तोंडून काही वेडंवाकडं गेलं असेल तर मी प्राचार्यांची माफी मागते, खोळंबलेल्या लेकरांची मागते, साहेबांचीसुद्धा मागते. आजच्या दिवसापुरती माफी मागून झालेली आहे. आता या सभागृहात आणखी कुणी मागायची राहिली असेल, तर तो माणूस प्रेविट कोच नव्हे.

बोला, कोच.