पोटफोड्या ष

(बाणेरमधली एक सॉफ्टवेअर कंपनी. संगणकापाशी आम्रपाली आणि तिचा टीम लीड रविराज. शेजारच्या खुर्चीत, पांढरी काठी मांडीवर आडवी धरून, तिचे वडील दशरथ.)

आम्रपाली : उडवलास म्हणजे? मला न विचारता?

रविराज : उडवला नाही, रिफॅक्टर केला. अक्षरांच्या मराठी नावांचा तुझा तो लांबलचक तक्ता कोण मेन्टेन करणार? आता आपला बोलका एडिटर अक्षराचं नाव थेट युनिकोडच्या यादीतून घेतो. कोड एकदम क्लीन.

आम्रपाली : भांडी फेकून दिली की स्वयंपाकघरही क्लीन होतं.

रविराज : टोमणे नकोत. उद्या रिलीज आहे.

आम्रपाली : म्हणूनच आज ऐक. कर्सर ‘ष’वर गेला की एडिटर बोलायचा, ‘पोटफोड्या ष’. सकाळपासून बोलतोय, ‘देवनागरी लेटर एस एस ए’. बाबांनी यातून काय समजायचं?

रविराज : जगभर हेच स्टँडर्ड आहे!

आम्रपाली : ज्याला दिसतं त्याला नाव ऐकायची गरजच नाही रे! ही सोय केली कुणासाठी?

रविराज : काका, तुम्हीच समजवा हिला. चार दिवसांत सवय होईल ना?

दशरथ : डोळे गेले तेव्हा डॉक्टरही हेच म्हणाले होते.

रविराज : तसं नाही हो...

दशरथ : त्यानंतर एक ओळ लिहिली नव्हती मी. हिच्या तक्त्यामुळे पुन्हा वर्तमानपत्राला पत्रं धाडू लागलो. स्वारगेटच्या बसथांब्याचं आज अर्ध्यात अडकलंय.

रविराज : तुम्ही सांगा, आम्रपाली टाइप करेल.

दशरथ : ती माझे खरमरीत शब्द गाळते. आणि माझं भांडण मी दुसऱ्याच्या हातानं का भांडू?

आम्रपाली : आधी आपला तक्ता बघायचा, त्यात नसेल तर युनिकोडला विचारायचं. तासाभराचं काम आहे.

रविराज : रिलीजच्या आदल्या दिवशी? क्लायंट सोलून काढेल मला. नाही म्हणजे नाही!

आम्रपाली : मग बस इथे. डोळे मिटून स्वतःचं नाव लिही.

रविराज : हा काय पोरखेळ लावलायस?

आम्रपाली : मिट डोळे!

रविराज : बरं बाई... ‘देवनागरी लेटर आर ए’ म्हणतंय. ‘देवनागरी लेटर व्ही ए’. ‘देवनागरी वॉवेल साइन’... थांब, पुढचं हुकलं. मागे जातो. परत देवनागरी, देवनागरी! आयला, काय हाय हे? कुठं आलोय मी?

दशरथ : हरवलात?

रविराज : काहीच कळंना, काका.

दशरथ : मग उघडा डोळे. तुमचे उघडतात.